तीन बदामांवर पास

औरंगाबादच्या बेगमपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, चार वाजता एक टेबल उचलून मधल्या दारात ठेवलं जाई. अर्धं आत, अर्धं बाहेर. मग दाराची बांबूची चिक खाली सोडायची, पण टेबलाच्या वर वीतभर जागा राहील एवढीच. चिकेच्या आत अजरा बसे. बाहेर तिघं: समोर तिचा नवरा मुख्तार, एका हाताला तात्यासाहेब वकील आणि दुसऱ्या हाताला वकिलांची बायको कस्तुराबाई. अजरा पडद्यातली. वकील कितीही घरचे झाले तरी परके पुरुष, त्यामुळं बाहेरच्यांना तिची बोटं तेवढी दिसत. आवाज ऐकू येई. चेहरा कुणालाच दिसत नसे, मुख्तारलाही.

"नवऱ्याला बायकोचं तोंड दिसत नाय असा खेळ मी दुसरा पाहिला नाय," कस्तुराबाई म्हणायची. ती बिडकीनची. लग्न होऊन शहरात पंधरा वर्षं झाली तरी बोलणं बिडकीनचंच राहिलं होतं.

"म्हणून तर हे सगळ्यात इमानदार टेबल आहे," तात्यासाहेब म्हणत. "क्लबात लोक भिडूच्या भुवया वाचून बोली लावतात. इथं तशी सोय नाही."

खेळ ब्रिजचा. मुख्तार तामीरात खात्यात नक्शानवीस होता, म्हणजे रस्त्यांचे नि पुलांचे नकाशे काढणारा. अजिंठ्याच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा पावसामुळं तो एका इंजिनियरसाहेबाबरोबर फर्दापूरच्या डाकबंगल्यात अकरा दिवस अडकून पडला. साहेबाला पत्त्यांशिवाय करमत नसे. अकरा दिवसांनी मुख्तार घरी परतला तो ब्रिज शिकूनच, आणि आल्याआल्या त्यानं बायकोला शिकवला. अजरा मुलींच्या मदरशात सकाळी शिलाई शिकवायची. टाके मोजायची सवय होती, पत्ते मोजायला तिला वेळ लागला नाही. दोन वर्षांत ती त्याच्याहून बरी खेळायला लागली. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटे.

ज्याला हा खेळ ठाऊक नाही त्यानं एवढंच धरून चालावं. चौघं, समोरासमोर बसणाऱ्यांच्या दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं. खेळण्याआधी बोली होते. कोणता रंग हुकूम करायचा आणि किती हात करून दाखवायचे, हे बोलायचं. आपल्याकडं काय आहे ते भिडूला कळवायचं ते या बोलीतूनच, दुसरा एक शब्द बोलायची मुभा नाही. तीन बदाम म्हणजे बदाम हुकूम आणि नऊ हात. चार बदाम म्हणजे दहा. दहा बोलून दहा केले की डाव पुरा होतो. नऊ बोलून दहा केले तर त्या दहाव्या हाताचं कौतुक कुणाला नसतं.

या घराचा एक कायदा होता, तो मुख्तारनं केलेला. एखाद्या बोलीवर मतभेद झाला तर टेबलावर भांडायचं नाही. तो हात कागदावर उतरवायचा, चौघांनी सह्या करायच्या आणि मुंबईच्या एका इंग्रजी मासिकाला कळवायचं. तिथं पाच तज्ज्ञ असत. वाचकांनी पाठवलेल्या अडचणीच्या बोलींवर ते आपापलं मत देत आणि ते छापून येई. तीन महिने लागोत की चार, मतं छापून येईपर्यंत त्या हाताबद्दल घरात कुणी अक्षर काढायचं नाही. नवराबायकोनंही नाही. कायदा चांगलाच होता. पत्त्यांवरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं मुख्तारनं क्लबात पाहिली होती.

फसली तेराशे सत्तेचाळीसचा बहमन महिना होता, इंग्रजी डिसेंबर. त्या जुम्मेरातीला पत्ते मुख्तारनं वाटले.

"एक बदाम," मुख्तार.

"एक इस्पिक," तात्यासाहेब.

अजराकडं इस्पिकची तीन भिकार पानं होती. बदामाची तीन, त्यात राणी. चौकटची चार, वर एक्का. किलवरची तीन, गुलाम मोठा. दमदार नाही आणि टाकाऊही नाही असा हात. "दोन बदाम," ती म्हणाली.

"दोन इस्पिक," कस्तुराबाई.

मुख्तार थांबला. चिकेपलीकडं त्याच्या नखांचा टेबलावर हलका आवाज झाला. मग तो म्हणाला, "तीन बदाम."

तात्यासाहेब पास म्हणाले आणि पाळी अजरावर आली.

तीन बदाम म्हणजे काय म्हणायचं होतं त्याला? 'तुझ्याकडं थोडं जास्त असेल तर चारला चल,' असा तो प्रश्न होता, की 'यांना इस्पिकवर सुखानं बसू द्यायचं नाही म्हणून मी रेटतोय, तू इथंच थांब' एवढंच? दोन्ही अर्थ निघत होते. चेहरा दिसत असता तर कदाचित कळलं असतं. आवाजावरून काही कळत नव्हतं, आणि तसं कळू नये म्हणूनच तर तो इतक्या सपाट आवाजात बोलत असे.

"पास," अजरा म्हणाली.

कस्तुराबाईही पास म्हणाली, बोली मुख्तारची झाली, आणि खेळाच्या नियमाप्रमाणं त्याच्या भिडूनं, अजरानं, आपली पानं चिकेखालून टेबलावर उघडी मांडली. "शुक्रिया, भिडू," मुख्तार म्हणाला. हे तो नेहमीच म्हणे. मग त्यानं खेळून दहा हात केले. सरळ, आरामात, कुठंही न अडखळता दहा. पुढच्या वाटपात वकिलांनी डाव मारला आणि सगळी बाजीच घेऊन गेले.

तात्यासाहेबांनी घसा खाकरला. "यावर मी काही बोलत नाही. पण भाबी, निकाल काय लागणार ते मला दिसतंय."

"कायदा!" कस्तुराबाईनं त्यांना दटावलं.

कागद झाला, सह्या झाल्या. त्या दिवशी मुख्तार जेवताना हवापाण्याचं बोलला. त्यानंतर तीन संध्याकाळी तो कचेरीतून येई, नकाशाच्या फळीशी खोलीकडं पाठ करून बसे आणि काहीतरी लिही. अजरा चहा घेऊन गेली की तो कागदावर तळवा ठेवी. "रख दो," एवढंच म्हणे. राग आला की मुख्तार आरडाओरडा करणारा नव्हता. तो गप्प व्हायचा, हे तिला सात वर्षांच्या संसारात नीट माहीत झालं होतं.

चौथ्या दिवशी त्याला थंडी भरली. पाचव्या दिवशी छातीत कफ दाटला. तात्यासाहेब बघायला आले तेव्हा त्यानं उशीखालून एक बंद लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. मुंबईचं पत्र रियासतीच्या डाकेतून जात नसे, ते छावणीतल्या इंग्रजी डाकखान्यात टाकावं लागे. वकील स्वतः टांग्यानं जाऊन टाकून आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मुख्तारनं डोळे उघडले. अजरा उशाशी होती.

"खत पडलं?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं डोळे मिटले. दुपारच्या, जोहरच्या नमाजाच्या आत सगळं संपलं. जुम्मेरात उजाडायला अजून एक दिवस होता.

अजरा रडली नाही. शेजारपाजारच्या बायकांनी तिला रडवायचे सगळे उपाय करून पाहिले. त्याच्या चपला समोर आणून ठेवल्या, त्याच्या आवडीच्या गोष्टी काढल्या. ती ऐकून घ्यायची आणि कुणाला पाणी हवं का विचारायची. इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात पाळायचे, चार महिने दहा दिवस तिनं घराचा उंबरा ओलांडला नाही. वेळेवर उठायची, झाडायची, नमाज पढायची, स्वयंपाक करायची, दोन घास गिळायची. जिभेला चव राहिली नव्हती. भाकरी काय नि कागद काय, दोन्ही सारखंच लागलं असतं. पोळलं तरी बोट झटकायची नाही, उशिरानं फोड बघून कळायचं की पोळलं होतं. रोज चारच्या सुमाराला तो हात डोळ्यांपुढं मांडला जाई. राणी, सत्ती, तिऱ्ही. चौकटचा एक्का. तीन बदाम. पास. ती पानं पुन्हा उचलून घ्यायची नि पुन्हा मांडायची, शिवणीच्या कपड्यावर हात फिरवावा तशी, काही न वाटता.

कस्तुराबाई दर जुम्मेरातीला यायची. येताना कधी लोणच्याची फोड आणायची, कधी नुसत्याच गप्पा. अजरा तिच्यापुढं तळलेले नमकपारे ठेवायची. एका वकिलाच्या सोवळ्या घरातली बाई मुसलमानाघरी खाते म्हणून पहिल्या वर्षी कुजबुज झाली होती, तेव्हा कस्तुराबाईनं परस्पर निकाल दिला होता की तळलेल्याला काही होत नाय. ती एक नमकपारा तोंडात टाकायची आणि पाण्याचा पेला जवळ ओढायची.

"आक्का," तिसऱ्या महिन्यात एकदा अजरा म्हणाली, "ते माझ्यावर नाराज होऊन गेले."

"येडी का गं तू? पत्त्यांवरून कुणी जिवाला लावून घेतं व्हय?"

"तुम्हाला नाही माहीत. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जाताना माणूस अल्लाचं नाव घेतो. यांनी काय विचारलं? खत पडलं का. निकाल हवा होता त्यांना. मी चुकले हे पाच लोकांनी लिहून द्यायला हवं होतं." हे सगळं ती अशा आवाजात बोलली की जणू दूधवाल्याचं सांगतेय.

"त्या कायद्याला आग लागो," कस्तुराबाई म्हणाली. "एकदा भांडला असतात तर मोकळे झाला असतात."

इद्दत संपली तसा सिल्लोडहून तिचा भाऊ जब्बार गाडी घेऊन आला. कापसाच्या धंद्यातला माणूस, घर मोठं, मन त्याहून मोठं. "चल आपा. इथं एकटी काय करणार? घर बंद कर."

"मासिक येऊ दे," अजरा म्हणाली.

"कसलं मासिक?"

"येऊ दे. मग बघू."

जब्बार बिचारा कस्तुराबाईकडं बघून डोकं खाजवत परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच उत्तर.

खुर्दाद महिन्यात, म्हणजे एप्रिलात, उन्हं तापली असताना, एका जुम्मेरातीला तात्यासाहेब हातात मासिक घेऊन जवळजवळ पळतच आले. मागून धापा टाकत कस्तुराबाई. मुख्तार गेल्यापासून वकील चिकेसमोर पहिल्यांदाच बसत होते. टेबल भिंतीशी होतं, ते कुणी हलवलं नाही. अजरानं चिकेखालून नमकपाऱ्यांची ताटली बाहेर सरकवली आणि आत भिंतीला पाठ टेकून बसली.

"भाबी, आपण जिंकलात," तात्यासाहेब म्हणाले. "मी हरलो. वकिली सोडावी म्हणतो. ऐका."

"वाचा," अजरा म्हणाली. इंग्रजी तिला अक्षरओळखीपुरतंच येई.

"हात वाचत बसत नाही, तो पाठच आहे आपल्या सगळ्यांना. औरंगाबादच्या वाचकाचा प्रश्न, असा मथळा दिलाय." तात्यासाहेब इंग्रजी वाचत आणि लगेच मराठीत सांगत. "पहिला तज्ज्ञ पुण्याचा निवृत्त कर्नल. म्हणतो, पास. दोन बदाम बोलून आपण आपली सगळी दौलत सांगून टाकली आहे, तीच पुन्हा सांगायचं कारण नाही. दुसरी एक पारशी बाई. म्हणते, पास. भिडू फक्त इस्पिकवाल्यांना हुसकावतो आहे. तो लढतोय, विचारत नाही. लढणाऱ्याला मागून ढकलू नये."

"बाई शहाणी दिसते," कस्तुराबाई म्हणाली.

"तिसरा कलकत्त्याचा बॅरिस्टर. हा जरा लांबण लावतो, आमच्याच जातीचा. म्हणतो, माझ्या मते तीन बदाम हा प्रश्नच आहे. हुसकावायचं असतं तरी भिडूला माझ्या उत्तराची आशा असतेच. पण उत्तर द्यायला जवळ काही हवं. चौकटचा एक्का आहे, कबूल. त्याच्या जोडीला हुकमात एखादं जरी चित्राचं पान असतं तरी मी डोळे मिटून चार बोललो असतो. नुसत्या नव्वीवर..."

तात्यासाहेब थांबले.

"कसली नव्वी?" कस्तुराबाई म्हणाली.

"बदामाची."

"बदामाची नव्वी? अहो, राणी होती तिथं! माझा गुलाम त्या राणीखाली गेला ना. मी मरेपर्यंत विसरायची नाय."

तात्यासाहेबांनी चष्मा पुसला आणि आधी न वाचलेला हात आता वाचला. इस्पिक बरोबर. चौकट, किलवर बरोबर. बदाम: नव्वी, सत्ती, तिऱ्ही. "छापताना चुकलं असेल," ते म्हणाले. पण स्वतःच मान हलवली. "नाही. तज्ज्ञांकडंही नव्वीच गेलीय, त्यानं तिच्यावरच तर मत दिलंय. म्हणजे पत्रात..."

"पत्रात चूक?" कस्तुराबाई म्हणाली. "पुलाच्या नकाशात सुताएवढी रेघ हुकू न देणारा माणूस?"

चिकेच्या आत अजरा उठली. नकाशाच्या फळीखाली एक पत्र्याचा डबा होता, त्यात सगळे जुने हात ठेवलेले असत. चार महिने तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. डबा तिनं चिकेखालून बाहेर ढकलला.

वरच चार सह्यांचा कागद होता. राणी, सत्ती, तिऱ्ही. त्याखाली मुख्तारच्या अक्षरातले पत्राचे तीन मसुदे. पहिल्यात राणीचं इंग्रजी अक्षर होतं आणि त्यावर पट्टी लावून मारलेली सरळ रेघ. दुसऱ्यात राणीच्या जागी गुलाम होता. त्यावरही तशीच रेघ. तिसऱ्यात नव्वी, आणि तिच्यावर रेघ नव्हती.

तात्यासाहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. कोर्टात मांडावेत तसे.

"गुलाम ठेवला असता तर पाचातले दोघं तरी डगमगले असते," ते हळू म्हणाले. "चार बोलावं म्हणाले असते. म्हणून त्यानं खाली आणत आणत नव्वीपर्यंत आणलं. आता पास कुणालाही चूक म्हणता येणार नाही."

"तीन दिवस," अजरा आतून म्हणाली. "तीन दिवस हे करत होते."

"भाबी, एक सांगायचं राहिलं," तात्यासाहेब म्हणाले. "लिफाफा देताना म्हणाला होता मला, 'वकीलसाहब, इस केस में आप हारेंगे, तैयारी रखना.' आणि हसला. मला वाटलं, तापात बरळतोय. म्हणून कुणाला बोललो नाही."

"हसले?"

"हसला. मग खोकला आला."

अजरा चिकेच्या पट्ट्यांकडं बघत होती. तळवा कागदावर पडला होता तो रागानं नव्हे, हे खाडाखोडीचं काम तिच्यापासून लपवायला, हे आता तिला दिसलं. 'खत पडलं?' विचारताना त्याच्या कपाळावर आठी नव्हती, हेही दिसलं. ते तेव्हाही दिसलंच असणार. छातीत काही हललं नाही. फक्त पाठीला भिंत गरम लागत होती, उन्हानं तापलेली, आणि ती गरम आहे हे तिला कळत होतं.

"बाकीचे दोघं काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"चौथा मद्रासचा प्रोफेसर, पास. पाचवा विलायतेचा. तो म्हणतो, मी नव्वीवरही चार बोलेन, आणि हरलो तर भिडूची माफी मागेन." तात्यासाहेबांनी मासिक मिटलं. त्यांच्यातला वकील मात्र गप्प बसेना. "एक करता येईल. खरा हात मी कळवतो. राणीसकट. म्हणजे खरा निकाल..."

"तुम्ही गप बसा हो," कस्तुराबाई म्हणाली.

"नको, भाईसाहेब," अजरा म्हणाली. "खरा निकाल मला ठाऊक आहे. चार बोलायला हवं होतं. त्यांनाही ठाऊक होतं." मग म्हणाली, "त्यांनी पाठवलंय तेच राहू द्या."

अजरानं हात बाहेर काढला, ताटलीतला एक नमकपारा उचलला आणि तोंडात टाकला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून. दुसऱ्याच क्षणी चिकेआड ठसका लागल्याचा आवाज आला.

"या अल्ला! हे काय, नुसतं मीठ! आक्का, असले कसे खाल्लेत तुम्ही?"

"चार महिने खातेय," कस्तुराबाई म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"निकाल यायच्या आधी बोलायचं नाय, असा तुमच्याच घरचा कायदा ना?"

तात्यासाहेब चष्मा काढून पुन्हा पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

अजरानं ताटली आत ओढून घेतली. चुलीशी जाता जाता ती म्हणाली, "आक्का, जाताना जब्बारसाठी दोन ओळी लिहून देते, डाकेत टाका. सध्या येत नाही म्हणून." मग परातीत मैदा घेतला, मोहन घातलं, चिमटीनं मीठ टाकलं. पीठ मळून झाल्यावर तिनं त्यातला एक कण जिभेवर ठेवला आणि चव कळेपर्यंत तशीच थांबली.